घारापुरीचा हत्ती

शरदाच्या निरभ्र दिवसांत आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील शिल्पें पाहूं लागतों, तेव्हां डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती सर्वांआधीं मन वेधून घेतो. हा मूळचा रायगडच्या किनाऱ्याजवळील घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं बेटास ‘एलेफंटा’ म्हटलें. १८१४ सालीं त्याचें मस्तक गळून पडलें. १८६४ मध्यें विलायतेस नेण्यासाठीं उचलतांना तो कोसळला व त्याचे तुकडे झाले. ते मुंबईस आणून १९१४ मध्यें पुन्हा सांधले गेले.

काळा घोडा येथून १९६५ सालीं हलविलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाहि याच बागेंत आहे. परंतु दोघांचें भाग्य एक नव्हे. राजाचा पुतळा राज्यसत्तेच्या काळांत उभारला गेला, सत्ता गेल्यावर तो हटला. त्यांत इतिहासाची संगति आहे. हत्ती मात्र समुद्रमार्गें येणाऱ्यांच्या स्वागतास उभा होता. बागेनें त्याचा देह राखला, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों. पण त्याच्यासमोरचा समुद्र तिला आणतां आला नाहीं. म्हणून ज्यांनीं येथें हत्ती पाहिला, त्यांनीं घारापुरीसहि जावें. शिल्पाचा अर्धा अर्थ त्याच्या जागेंत असतो, हें तेथील रिकामा किनारा पाहिल्यावांचून उमगत नाहीं.