पार्सल पाठवण्याआधी

एखादा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत जमला, एवढ्यावर विज्ञानात तो मान्य होत नाही. आपण लिहिलेली कृती वाचून दुसऱ्यालाही तो जमावा लागतो. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना हाच धडा गेल्या काही वर्षांत नव्याने गिरवावा लागला.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, ती ब्राउझरसाठी. २००९ मध्ये रायन डाल यांनी 'नोड' ही प्रणाली आणली आणि ही भाषा ब्राउझरबाहेरही मोठ्या प्रमाणावर वापरात आली. २०१० मध्ये आयझॅक श्लूटर यांनी 'एनपीएम' सुरू केले. आपली आज्ञावली 'पॅकेज' म्हणून सामायिक भांडारात ठेवायची आणि इतरांनी ती आपल्या कामात वापरायची, अशी ही योजना.

पण पॅकेजमध्ये सुधारणा केली, तर ती भांडारात ठेवण्यापूर्वी तपासायची कशी? त्यासाठी 'एनपीएम लिंक' ही आज्ञा आली. तिच्यामागची युक्ती जुनी आहे. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत १९८३ मध्ये सांकेतिक दुवे आले होते. दुवा म्हणजे प्रत नव्हे, केवळ पत्ता. पॅकेज वापरणाऱ्या प्रकल्पात आपल्या फोल्डरचा पत्ता ठेवला की इथे केलेला बदल तिथे लगेच दिसतो.

सोय मोठी, पण फसगतही तिच्यातच आहे. दुव्यातून आपली सारी कार्यशाळा दिसते; वापरणाऱ्याच्या हाती मात्र फक्त पार्सल पडते. पार्सलच्या यादीत एखादी फाइल घालायची राहिली, तरी दुव्याने सारे सुरळीत चालते. केवळ विकासाच्या कामासाठी आणलेली साधनेही आपल्या फोल्डरमध्ये हजर असतात. वापरणाऱ्याकडे ती पोहोचतच नाहीत.

म्हणून शेवटची तपासणी 'एनपीएम पॅक' या आज्ञेने करावी. भांडारात जाणारे गाठोडेच ती आपल्या संगणकावर बांधून देते. ते एखाद्या कोऱ्या प्रकल्पात बसवून चालवावे.

एवढी काळजी कशासाठी? २२ मार्च २०१६ रोजी अझेर कोचुलू यांनी नावाच्या वादातून आपली पॅकेजेस भांडारातून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली आणि एनपीएमला ते काही तासांतच परत ठेवावे लागले. त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले. एकदा वापरलेला आवृत्तिक्रमांक तर पुन्हा वापरताच येत नाही. चूक झाली, तर नव्या क्रमांकाने नवी आवृत्ती काढायची; पण तोवर जुनी कितीतरी जणांकडे पोहोचलेली असते.

हा अनुभव वर्गात संगणकाशिवायही घेता येईल. एका गटाला प्रयोगाची कृती लिहायला सांगावी आणि तेवढा कागद दुसऱ्या गटाला द्यावा. तोंडी खुलाशाला मनाई. दुसरा गट कुठे अडतो, हे पहिल्या गटाने गप्प राहून पाहावे व टिपून ठेवावे.