पहिली आज्ञा कोण देतो?

संगणक स्मृतीत असलेल्या आज्ञाच पाळतो. मग बटण दाबल्यावर, स्मृती कोरी असताना, तिच्यात आज्ञा आणून ठेवण्याची आज्ञा त्याला कोण देतो? स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलण्यासारखा हा प्रकार! म्हणूनच या क्रियेला ‘बूटस्ट्रॅप’, थोडक्यात ‘बूट’ होणे, असे नाव पडले.

१९४९ साली केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक चालू झाला. त्याच्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेल्या ३१ प्रारंभिक आज्ञा टेलिफोन एक्स्चेंजमधल्यासारख्या फिरत्या स्विचांवर तारांनी जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि छिद्रांच्या कागदी पट्टीवरून पुढचा प्रोग्रॅम वाचून घेत. १९७५ च्या ऑल्टेअर ८८०० वर मात्र सुरुवातीच्या आज्ञा खटके वर-खाली करून हातानेच भराव्या लागत. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये त्या रॉम चिपमध्येच साठवलेल्या होत्या.

२००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी-टू ही सेवा सुरू केली आणि कोडे बदलले. आता सर्व्हर भाड्याने मिळू लागला. तो डोळ्यांसमोर नसतो. एकाच साच्यातून हजार सर्व्हर निघतात, अगदी जुळ्या भावंडांसारखे. त्यांची नावे वेगळी हवीत आणि गुप्त किल्ल्याही वेगळ्या हव्यात. नाहीतर एकाची किल्ली हाती लागलेला कोणीही बाकीच्यांचे सोंग घेऊ शकेल. म्हणजे प्रत्येकाने पहिल्याच बूटला विचारायला हवे, ‘मी कोण?’

उबंटू लिनक्सच्या एप्रिल २०१० च्या आवृत्तीत यासाठी ‘क्लाऊड-इनिट’ हा प्रोग्रॅम होता. ईसी-टूवर तो १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर चौकशी करून आपला ओळखक्रमांक आणि मालकाने लिहून ठेवलेल्या सूचना मिळवतो. मग तो सर्व्हरला नाव देतो, नव्या किल्ल्या तयार करतो आणि ओळखक्रमांक डिस्कवर नोंदवतो. पुढच्या बूटला क्रमांक तोच आढळला, तर एकदाच करायची कामे तो पुन्हा करत नाही. क्रमांक वेगळा निघाला, तर ही नवी प्रत आहे असे समजून ती कामे पहिल्यापासून करतो.

हा फरक किती महत्त्वाचा, हे आम्ही ठेच लागून शिकलो. क्लाऊड-इनिटमध्ये ‘रनसीएमडी’ या यादीतल्या आज्ञा एकदाच चालतात, तर ‘बूटसीएमडी’मधल्या प्रत्येक बूटला. डिस्क कोरी करण्याची आज्ञा आम्ही चुकून दुसऱ्या यादीत घातली. पुढे कर्नलची सुधारित आवृत्ती आली. ती लागू होण्यासाठी ठरवून दिल्याप्रमाणे सर्व्हर रात्री आपोआप रीबूट झाला आणि सकाळी पाहतो तो निरीक्षणांची डिस्क कोरी!

पहिली आज्ञा आजही माणूसच देतो. फक्त ती तो आधी लिहून ठेवतो, आणि एकदम हजार यंत्रांसाठी. त्यामुळे तिच्यात चूक झाली, तर तीही हजार ठिकाणी होते.