‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ आणि आपला डीजे

जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीत डीजेवर लागतं, पोरं नाचायला लागतात आणि बाजूला उभा असलेला एखादा जुना कार्यकर्ता पुटपुटतो, "झालं, गाण्यातला विचार संपला." मीही हे वाक्य पुष्कळदा बोललो आहे. एका कृष्णवर्णीय गाण्याचा प्रवास समजून घेतल्यापासून ते पूर्वीसारखं ठामपणे म्हणवत नाही.

गाण्याची सुरुवात एका घरापासून करावी लागेल. लोरेन हॅन्सबेरी लहान असताना त्यांच्या वडिलांनी शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, असा तिथल्या मालकांचा आपसात लेखी करार होता. जमावाने घरावर हल्ला केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९४० साली निकाल हॅन्सबेरी कुटुंबाच्या बाजूने लागला, पण असे करारच बेकायदा आहेत हे काही न्यायालयाने म्हटलं नाही. आडनाव ऐकून ‘खोली आधीच दिली’ असं उत्तर ज्यांना मिळालं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या मुलीने पुढे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या हाताखाली आफ्रिकेचा इतिहास शिकला. हे तेच ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. १९५९ साली लोरेन यांचं ‘ए रेझिन इन द सन’ ब्रॉडवेवर आलं. तिथे नाटक पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री नाटककार. १९६४ मध्ये लेखनस्पर्धेत जिंकलेल्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बोलताना त्यांनी तीन शब्द एकत्र उच्चारले : तरुण, प्रतिभावान, काळे. पुढच्या जानेवारीत, अवघ्या ३४ व्या वर्षी, कर्करोगाने त्या गेल्या.

या तिन्हीतला खरा भांडणाचा शब्द मधला आहे. ‘काळा’ तर त्यांना सगळे म्हणतच होते. ‘प्रतिभावान’ कुणी म्हणत नव्हतं. आपल्याकडे ‘मेरिट’ हा शब्द कोणाच्या मालकीचा समजला जातो, ते आठवून पाहा.

गाणं केलं लोरेन यांच्या मैत्रिणीने, नीना सिमोन यांनी. लहानपणी पियानोच्या कार्यक्रमात आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवलं, तेव्हा ते परत पुढे बसल्याशिवाय मी वाजवणार नाही, असं सांगणारी ही मुलगी. पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने प्रवेश नाकारला. तो रंगामुळेच नाकारला, असं त्या आयुष्यभर म्हणत राहिल्या. म्हणजे ‘प्रतिभावान’ या शब्दाची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. वेल्डन अर्व्हिन यांनी शब्द लिहिले, सिमोन यांनी चाल दिली. १९६९ साली रेकॉर्ड आली. ती कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत आठव्या क्रमांकावर गेली, अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत मात्र ७६ व्या. कोण ऐकत होतं हे या दोन आकड्यांत आलं. सिमोन यांची त्याला हरकत नव्हती. गाणं गोऱ्यांच्या विरोधात नाही, ते आपल्या लोकांसाठी आहे, असं त्या कार्यक्रमातच सांगत.

मग ते जमैकाला गेलं. १९७० मध्ये बॉब अँडी आणि मार्शिया ग्रिफिथ्स यांनी निर्माते हॅरी जॉन्सन यांच्यासाठी ते रेगेत गायलं. सिमोन यांच्या गाण्यात चर्चमधल्या प्रार्थनेचं वजन आहे. इथे बास गिटार गाणं खांद्यावर घेते, दुसरी गिटार ठोक्यांच्या मधल्या जागेत तुटक वाजते आणि पाय आपोआप हलतात. जमैका १९६२ लाच स्वतंत्र झालेला, बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे. तरी तिथे उजळ कातडीला वरची पायरी होती. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ज्याला कळली, त्याला ही रंगाची शिडी लगेच ओळखू येईल. १९६८ च्या ऑक्टोबरात सरकारने कृष्णवर्णीय इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापक वॉल्टर रॉडनी यांना देशात परत येऊ दिलं नाही, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि किंग्स्टन पेटलं. त्यानंतर दोनच वर्षांनी हे गाणं तिथे गायलं गेलं.

ब्रिटनमध्ये विकण्यासाठी कंपनीने त्यावर व्हायोलिनचा गोड थर चढवला. शुद्धतावाद्यांना हा थर आजही खुपतो. पण गाणं पाचव्या क्रमांकावर गेलं.

इथे आपल्या जुन्या कार्यकर्त्याचा मुद्दा जड होतो, हे मान्य करतो. त्या काळात जमैकन रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांत गोऱ्या स्किनहेड पोरांचा मोठा भरणा होता. आणि १९७० च्या त्याच वसंतात पूर्व लंडनच्या रस्त्यांवर भारतीय उपखंडातून आलेल्या माणसांना स्किनहेड टोळ्या मारत होत्या. काळ्या संगीतावर नाचल्याने माणूस सुधारतो, असा काही नियम नाही.

पण ते गाणं त्यांच्यासाठी नव्हतंच. १९७१ साली लंडनमध्ये शिकवणाऱ्या ग्रेनाडाच्या बर्नार्ड कोर्ड यांची एक पुस्तिका आली. वेस्ट इंडियन मुलांना ‘मंद’ ठरवून वेगळ्या शाळांत कसं ढकललं जातं, हे त्यात मांडलं होतं. शाळा मंद म्हणत होती आणि घरातला रेडिओ प्रतिभावान म्हणत होता. वस्तीतल्या मुलांबद्दल ‘यांना अभ्यास झेपत नाही’ हे मी शिक्षकांच्या खोलीत कानांनी ऐकलं आहे. म्हणून त्या रेडिओचं मोल मला व्हायोलिनच्या गोडव्यापेक्षा जास्त वाटतं. सिमोन यांची रेकॉर्ड ज्या घरात पोहोचली नसती, तिथे ही नाचरी पोहोचली.

तिच्यावर काहीही चढवलं असलं तरी एक गोष्ट कुणी झाकली नाही : दोघांचे आवाज सगळ्यात पुढे आहेत, शब्दन् शब्द कळतो. म्हणून यंदा आमच्या मंडळाच्या बैठकीत मी डीजे बंद करा म्हणालो नाही. बास इतका खाली घ्या, की मागच्या गल्लीतल्या पोरीलाही गाण्यातले शब्द कळतील, एवढंच म्हणालो. त्यावर तासभर वाद झाला.