कोडिंगची पहिली पायरी कोणती?

शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, शाळेच्या फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज उचललं जातं, हे आपल्याला नवं नाही. पण हल्ली आमच्या बैठकांत वेगळाच प्रश्न येतो: "ताई, पोरीला कोडिंग शिकायचंय. क्लाससाठी कर्ज घेऊ का? आणि सुरुवात नेमकी कशापासून करायची?"

कोडिंग म्हणजे संगणकाला कळेल अशा शब्दांत, एकापुढे एक क्रमाने सांगितलेलं काम. हे सांगण्याच्या भाषा कितीतरी आहेत, म्हणून नवं माणूस गोंधळतं. पण हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीही पडला होता. तेव्हाच्या शिक्षकांनी काय केलं, ते आज ऐकू या.

त्या काळी संगणक खोलीभर मोठा असायचा. त्याला सांगायचं काम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचं, कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि वाट बघत बसायचं. एक खूण चुकली तरी गठ्ठा परत. उत्तर कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. अशाने कोण शिकणार?

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्‌झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. त्यांच्या कॉलेजात बहुतेक मुलं विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची नव्हती. त्या मुलांनाही संगणक वापरता आला पाहिजे, असं दोघांनी ठरवलं. त्यांनी 'बेसिक' नावाची सोपी भाषा तयार केली. तिच्यात 'प्रिंट'सारखे रोजचे इंग्रजी शब्द होते. शिवाय एकच संगणक एका वेळी अनेकांना वापरता येईल, अशी सोय केली. 1 मे 1964 रोजी, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असतं त्या तारखेला, पहाटे चारच्या सुमारास बेसिक पहिल्यांदा चाललं. आता चूक झाली तरी लगेच कळायची, लगेच सुधारता यायची.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. त्या वेळी डार्टमथला मुलींना प्रवेश नव्हता. दार सोपं केलं, पण मुली उंबऱ्याबाहेरच राहिल्या. पुढे हेच केमेनी कॉलेजचे प्रमुख झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, 1972 साली, मुलींना प्रवेश मिळाला.

दुसरं दार लहान मुलांसाठी उघडलं. 1967 साली सिंथिया सॉलोमन ही बाई, सिमोर पेपर्ट आणि वॉली फॉयर्झाइग यांनी 'लोगो' ही भाषा केली. पुढे तिच्यात कासव आलं. कासवाला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ. असं चार वेळा सांगितलं की चौकोन तयार. वळण थोडं बदललं की नवी नक्षी. रांगोळी काढणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

2007 साली अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेतून 'स्क्रॅच' आलं. त्यात टाइप करायची कटकटही कमी. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. जरा मोठ्या मुलींसाठी 1991 सालापासून 'पायथॉन' आहे. आज जगभर कितीतरी ठिकाणी नवशिक्यांना तीच भाषा आधी शिकवतात आणि कामाच्या ठिकाणीही ती चालते. स्क्रॅच आणि पायथॉन दोन्ही फुकट मिळतात.

आता या सगळ्या दारांत सारखं काय आहे, ते बघा. शब्द थोडे, उत्तर लगेच, आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं काहीतरी घडतं. म्हणून "कोणत्या भाषेला नोकरी जास्त?" हा प्रश्न पहिल्या महिन्याचा नाहीच. एक भाषा नीट आली की दुसरी जड जात नाही, कारण क्रमाने विचार करायची सवय तीच असते.

मग आपण काय करायचं? आमचं म्हणणं असं, की कर्जाचा अर्ज महिनाभर थांबवा. शाळेत किंवा ओळखीच्या घरी संगणक मिळत असेल, तर पोरीला तिथं रोज अर्धा तास बसू द्या. पाचवी-सहावीतली असेल तर स्क्रॅच, दहावीच्या पुढची असेल तर पायथॉन. पहिलं काम घरचंच द्या. पाच हजारांच्या कर्जावर शेकडा दोन रुपयांनी महिन्याचं व्याज किती? शंभर रुपये, हे आपल्याला तोंडपाठ आहे. संगणकाकडून तेच उत्तर काढून दाखव म्हणावं. मग गटाच्या सगळ्या सभासदांचा हिशोब करायला सांगा.

महिन्यानंतरही ती स्वतःहून बसत असेल, अडलेलं विचारत असेल, तर फीच्या कर्जाचा विषय बैठकीत जरूर घ्या. आणि अर्जावर चर्चा होईल तेव्हा त्या पोरीलाही बोलवा. तिनं केलेला हिशोब आपल्या वहीशी जुळतो का, ते सगळ्यांनी मिळून तपासा.