सातवा फोटो

यंदा एक जानेवारीला डायरीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या. वजन कमी करणे, संस्कृत पुन्हा सुरू करणे आणि फोटोग्राफी शिकणे. पहिल्या दोन गोष्टींची चौकशी कृपया कुणी करू नये. तिसरी मात्र चालू आहे. वय वर्षं बावन्न, बँकेतली नोकरी, गुडघा अधूनमधून बोलतो. पुण्याच्या मावशीने फोनवर विचारलंच, "आता या वयात काय रे हे?" मावशी, हे तू वाचणार आहेस म्हणून उत्तर इथेच देतो.

बोरिवलीला राहणाऱ्या माणसाने कॅमेरा घेतला की तो आपोआप नॅशनल पार्कात जातो. मीही गेलो. पक्षी मला सापडत नाहीत (सापडले तर थांबत नाहीत), म्हणून कान्हेरीच्या लेण्यांकडे वळलो. दगड हलत नाही, हा नवशिक्याला मोठा दिलासा. शंभरावर लेणी आहेत, त्यामुळे विषयही लवकर संपत नाही. सोमवारी मात्र बंद, हे एकदा गेटवर जाऊन शिकलो.

तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे मोठा चैत्य. व्हरांड्याच्या दोन टोकांना जवळजवळ सात मीटर उंचीचे दोन बुद्ध उभे. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी अंधारात स्तूप. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की मिनिटभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांब येतात, त्यांच्या माथ्यावरचे हत्ती येतात आणि सर्वांत शेवटी स्तूप. डोळ्यांना हे जमतं, माझ्या कॅमेऱ्याला जमेना. पहिल्या रविवारी ३११ फोटो काढले. त्यांत चैत्याच्या आतले साठेक होते, आणि साठच्या साठ हललेले.

घरी येऊन वैतागून वाचायला बसलो, आणि वाचता वाचता इतिहासात घसरलो. माझं नेहमी असंच होतं. असो.

बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली हे मला ठाऊक नव्हतं. लंडनची सोसायटी १८५३ ची, म्हणजे आपण फक्त एक वर्ष मागे! कलकत्ता आणि मद्रास त्यानंतर. दोन-तीन वर्षांत तिथून एक मासिक चित्रसंग्रहही निघू लागला. खरे फोटो कागदावर चिकटवून, सोबत मजकूर देऊन. काढणारे जॉन्सन आणि हेंडरसन. नाव होतं 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'.

त्या नावातला अमॅच्युअर शब्द मला फार आवडला. आज आपण तो 'अजून कच्चा आहे हो' अशा अर्थाने वापरतो. तेव्हा तो पाटीवर मिरवायचा शब्द होता. सोसायटीच्या कार्यकारिणीवर डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे ज्यांच्या नावाने भायखळ्याचं म्युझियम आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. स्वतः डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी काढलेली छायाचित्रं त्या अल्बममध्ये आहेत. पेशंट बघून झाल्यावर हा गृहस्थ हात काळे करून घेत होता.

'हात काळे' हे अगदी शब्दशः घ्यायचं. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत धुऊन चित्र उमटवायचं. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मुंबईच्या एप्रिलमध्ये त्याहूनही कमी. त्यामुळे घराबाहेर फोटो काढायचा तर काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू, सगळं बरोबर न्यायचं. चांदीच्या क्षाराने बोटांवर पडलेले काळे डाग दिवसेंदिवस जात नसत. डॉक्टरसाहेब त्याच बोटांनी नाडी बघत असतील का, हा विचार डोक्यातून जात नाही.

कान्हेरीचा शोध घेताना आणखी एक हौशी माणूस भेटला. कॅमेरावाला नव्हे, पण जातकुळी तीच. एडवर्ड वेस्ट, जीआयपी रेल्वेचा इंजिनिअर. याने कान्हेरीचे शिलालेख बघून बघून हाताने उतरवले, आणि त्या नकला १८६१ मध्ये इथल्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात छापून आल्या. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवलीत. (आज कुणी कोरलं तर आपण त्याला चार शब्द सुनावू. हजार वर्षांपूर्वी कोरलं की तो ठेवा!) पुढे वेस्टने पहलवीचा इतका अभ्यास केला की त्या भाषेतला युरोपातला अग्रगण्य पंडित झाला, आणि कान्हेरीच्या त्या लेखांचा अनुवादही त्यानेच केला. रेल्वेच्या नोकरीतला माणूस! आपण आठ-बारावरून उतरून घरी आलो की टीव्हीसमोर आडवे होतो.

आणि मावशी, तुझ्यासाठी दादासाहेब फाळके. जन्म १८७० चा. मुळात फोटोग्राफीचंच वेड, गोध्र्याला स्टुडिओही काढला होता. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून सिनेमाचा ध्यास घेतला तेव्हा वय चाळिशीचं. पैसे उभे करायचे म्हणून कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचं रोप उगवताना दाखवलं. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. माझं बावन्न म्हणजे नऊच वर्षं उशीर.

हे सगळं मी गेल्या महिन्यात मुलुंडला जाऊन बाबांना सांगितलं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब झालाय, समोर बघितलं की मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणसाशी बोलताना ते जरा बाजूला बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कपाटात खालच्या खणात बघ. बिस्किटांचा डबा आहे."

डब्यात त्यांचा आग्फा क्लिक थ्री निघाला. भांडुपला कारखान्यात असताना दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची बाळरूपं या कॅमेऱ्याने टिपलेली असतील. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग एकच. ऊन आहे का ढग आहे, एवढंच तो विचारतो. बाकी देवावर हवाला.

कॅमेऱ्याखाली एक चाळीस पानी वही होती. ती मी कधीच पाहिली नव्हती. प्रत्येक रोलला एक पान, प्रत्येक फोटोला एक ओळ: आकडा, जागा, ऊन की ढग, कोण, आणि शेवटी निकाल. बँकेतल्या माणसाला हेवा वाटावा अशी नोंद. १९७० ते १९८४, तेवीस रोल. म्हणजे २७६ फोटो, चौदा वर्षांत. मी एका सकाळी ३११ काढले होते. चौऱ्याऐंशीनंतर कोरी पानं. त्या वर्षी आजोबांचं ऑपरेशन झालं आणि माझ्या शाळेची फी वाढली. बाबा म्हणाले, "रोल परवडत होता रे. धुणं आणि छापणं परवडेना."

चौथ्या रोलचं पान उघडलं. फेब्रुवारी १९७२. मुलुंडहून दादर, दादरला गाडी बदलून बोरिवली. (मुलुंड-दादरचा लोहमार्ग मुळात वेस्टच्याच जीआयपी कंपनीचा.) सहा फोटो बाहेरचे, 'बरा', 'बरा', 'हलला'. आणि सातवी ओळ: कान्हेरी, मोठे लेणे, आत. सौ. वाया.

आई जाऊन आता पाच वर्षं झाली. लग्नानंतरची त्यांची ती पहिली सहल होती. स्टुडिओवाल्याने सातवा छापलाच नव्हता, पण बाबांनी निगेटिव्ह जपून ठेवली होती. ट्यूबलाइटसमोर धरून बघितली. कोरी. घरी नेऊन स्कॅन केली, कॉम्प्युटरवर जेवढा उजेड ओढता येतो तेवढा ओढून बघितला. दाणेच दाणे. त्या फिल्मवर प्रकाश पोचलाच नव्हता. त्या कॅमेऱ्याने तो पोचणंच शक्य नव्हतं. हे आता मला कळतं, त्यांना तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा कान्हेरी. परवानगीशिवाय तिपाई लावता येत नाही, म्हणून चैत्याच्या जमिनीवर पंचाची घडी घातली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि पोटावर आडवा झालो. एक शाळेची सहल मला ओलांडून गेली. टायमर लावला, हात काढून घेतले. चौथ्या वेळी जमलं. खांब, हत्ती, मागे स्तूप, सगळं स्वच्छ. स्तूपासमोर कुणीच नाही.

मोठा प्रिंट काढून बाबांना नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, भिंग घेतलं, आणि मान तिरकी करून कडेकडेने बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "किती सेकंद?"

"आठ."

"आठ?" भिंग खाली ठेवत म्हणाले, "आठ सेकंद ती गप्प उभी राहिली नसती."