तारुण्यातील वादळ, बालपणीचे ढग

विशीतला तरुण एकाएकी शिक्षण सोडतो, दार लावून दिवसचे दिवस खोलीत बसून राहतो. अशा वेळी घरची माणसे म्हणतात, “कालपर्यंत सारे ठीक होते.” हे उद्गार आम्ही अनेक कुटुंबांतून ऐकले आहेत. त्यांमागील दुःख खरे असते. पण ‘कालपर्यंत सारे ठीक होते’ हे विधान कितपत खरे असते? या प्रश्नाचा उलगडा होण्यास जवळजवळ एक शतक लागले.

१८९९ साली अमेरिकेतील शिकागो येथे बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. एकच मुले पुन्हा पुन्हा तेथे का येतात, हे जाणण्यासाठी १९०९ साली विल्यम हीली या वैद्याकडे काम सोपविण्यात आले. मुलाचे घर, शाळा, प्रकृती आणि मन यांचा एकत्रित विचार करावा लागतो, हे त्यांच्या कार्यातून पुढे आले. ही विचारधारा आपल्याकडेही पोहोचली. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याने बालमार्गदर्शन केंद्र उघडले.

तथापि एक अडचण उरली होती. आजारी माणसाला त्याचे बालपण विचारले तर तो आजच्या दुःखाच्या चष्म्यातून मागे पाहतो. म्हणून संशोधकांनी दिशा उलटी केली. जन्मापासूनच मुलांची सोबत करायची आणि ती मोठी होईपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरविले.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांची अशी सोबत सुरू झाली. ती मुले २६ वर्षांची झाली तेव्हा ज्यांना मानसिक विकार होता, त्यांच्यापैकी निम्म्यांमध्ये पंधराव्या वर्षापूर्वीच आणि सुमारे तीन-चतुर्थांशांमध्ये अठराव्या वर्षापूर्वी विकाराचे निदान झालेले होते. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. ढगांनी रूपही पालटले होते. लहानपणी हट्टी, भांडखोर म्हणून ज्यांना शिक्षा झाली, त्यांच्यापैकी काहीजण मोठेपणी नैराश्याने वा चिंतेने ग्रासलेले आढळले. बंडखोरीच्या पोटी दुःख असू शकते, हे आम्हा वडीलधाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

मग बालपणी त्रास झालेले प्रत्येक मूल पुढे आजारी पडणारच काय? मुळीच नाही. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह अनेक दशके केला. त्यांतील २०१ मुले दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी सापडलेली होती. तरीही त्यांपैकी ७२ मुले समर्थ, प्रेमळ व कर्तबगार प्रौढ झाली. या मुलांना आजी, मावशी, शिक्षक, शेजारी किंवा श्रद्धावंतांच्या समुदायातील कोणीतरी, असे एक तरी भरवशाचे माणूस लाभले होते. शिवाय ज्यांची किशोरवयात वाट चुकली, त्यांच्यापैकीही पुष्कळजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले.

या इतिहासाचा बोध आम्हांस असा वाटतो. ढग लवकर दिसतात आणि ते वेळीच ओळखता येतात. आठ वर्षांच्या मुलीचे रोज सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखत असेल, तेरा वर्षांचा मुलगा मित्रांना टाळत असेल, तर ‘नाटक करतो’ म्हणून त्यांची बोळवण करू नये. दृष्ट काढणे, लग्न लावून देणे, लोक काय म्हणतील म्हणून लपविणे, हे उपचार नव्हेत. प्रार्थना अवश्य करावी. परंतु ताप आल्यावर आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या बाबतीतच वेगळा न्याय का?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा प्रत्येक नागरिकाचा हक्क मानला आहे. पण कायदा कोणाच्या शेजारी जाऊन बसत नाही. काउआईच्या त्या ७२ मुलांजवळ कोणीतरी बसले होते. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक मुलाला असे एक तरी माणूस आहे काय, याचा शोध आपण प्रत्येकाने आपल्या आळीपासून घ्यावयास हवा.