लाकडी प्रतिस्पर्धी : मल्लखांबाची कुळकथा

कुस्ती ही दोघांची विद्या खरी. परंतु तिचा अभ्यास पुष्कळदा एकट्यालाच करावा लागतो. जोडीदार सुगीच्या कामात गुंततो, परगावी जातो, किंवा कंटाळून आखाडा सोडतो. म्हणून ठिकठिकाणच्या लोकांनी निर्जीव प्रतिस्पर्धी उभे केले. रोमन सैन्यातील नवशिके शिपाई सहा फूट उंचीच्या खुंटावर लाकडी तलवारीने वार करून हात बसवीत. ओकिनावा बेटात कराटेचा अभ्यासक अंगणात फळी रोवतो, तिला गवती दोर गुंडाळतो व तिच्यावर मुष्टिप्रहार करतो. दक्षिण चीनमध्ये त्याच कामासाठी लाकडी हात बसविलेला ओंडका असतो. महाराष्ट्राने ह्याच गरजेपोटी जो खांब उभा केला, तो मल्लखांब होय.

त्याची घडणच त्याचा हेतू सांगते. वरचे वाटोळे बोंड म्हणजे मल्लाचे डोके, त्याखालची बारीक मान, आणि मानेखालचे अंग. खांबास बगलेत धरणे, पायांची अढी घालणे, अढी न सोडता अंग फिरविणे, ही सारी कामे मूळची कुस्तीच्या पकडीची आहेत. फरक इतकाच, की हा प्रतिमल्ल थकत नाही, रागावत नाही आणि चुकीची पकड कधीही चालवून घेत नाही.

मराठवाड्याचा ह्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे असलेले बसवकल्याण हीच चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर ह्यास ‘भूलोकमल्ल’ असे बिरुद होते. त्याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचा आहार, त्यांच्या कुस्त्या व त्यांचे श्रम ह्यांचे वर्णन आहे. त्या श्रमांत ‘स्तंभश्रम’ म्हणजे खांबावरील व्यायाम स्पष्टपणे सांगितला आहे.

दुसरा संबंध पेशवाईतला. दुसरा बाजीराव पेशवेपदावर असताना निजामाच्या पदरचे अली व गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनी आव्हान दिले, अशी परंपरागत कथा आहे. बाळंभटदादा देवधर ह्यांनी ते स्वीकारले, परंतु तयारीसाठी मुदत मागितली. ते वणीच्या सप्तशृंगीवर गेले. तेथे मारुतीने दृष्टान्त देऊन त्यांना लाकडी खांबावरील पकडी दाखविल्या, व परत येऊन त्यांनी अलीस चीत केले. दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा आहे. स्तंभश्रमाचा उल्लेख साडेसहाशे वर्षे आधीचा असल्यामुळे खांब हा दादांचा नवा शोध म्हणता येत नाही. परंतु विस्कळीत साधनेस शिस्त लावून शिष्यपरंपरा निर्माण करण्याचे श्रेय त्यांचेच आहे. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. त्यांच्या आश्रितांबरोबर ही विद्या गंगाकाठी पोचली.

पुढे खांबाचे प्रकार वाढले. साखळीस टांगलेला खांब आला, वेताचा मल्लखांब आला, आणि चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर दोराने त्याची जागा घेतली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने इ. स. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. इ. स. २०१९ मध्ये मुंबईस पहिली जागतिक स्पर्धा भरली. ह्या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. ज्या मल्लाच्या ऐवजी खांब उभा केला होता, तो मल्लच विसरला गेला, आणि मल्लखांब स्वतंत्र कसरत झाला. त्यामुळे मुलामुलींना एक सुंदर विद्या लाभली. परंतु माळेगावच्या यात्रेतील फडात उतरू पाहणाऱ्या गावच्या पोराला तिचा उपयोग फारसा कोणी सांगत नाही.

वस्तुतः त्या पोराजवळ साधने आहेत. किनवट तालुक्यातील इस्लापूरचा मुलूख सागवनाचा, आणि मल्लखांबास साग किंवा शिसवीच उत्तम. मात्र लाकूड रानातून तोडू नये. ते वनखात्याच्या विक्रीतून रीतसर घ्यावे. ओंडका गाठी व भेगा नसलेला, चांगला वाळलेला पाहावा. गावच्या सुताराकडून तो खाली जाड व वर निमुळता असा घडवून गुळगुळीत करून घ्यावा. जमिनीवर आठ-साडेआठ फूट राहील असा बेत करावा. पुरावयाच्या भागास वाळवीसाठी डांबर लावावे, खड्डा खोल घेऊन दगडमुरूम ठोकून भरावा, व भोवती भुसभुशीत मातीचा हौदा करावा. खांब तसूभरही हलता कामा नये. अंगास व खांबास एरंडेल तेल बेताने लावावे. तेल अधिक झाले तर पकड सुटते, कमी पडले तर कातडे सोलते. आणि पहिले धडे जाणत्याच्या देखरेखीखालीच घ्यावेत. कारण खांबावरून पडणाऱ्यास खांब सावरीत नाही.

खांबाची मर्यादाही ओळखावी. तो अंगास काटकपणा, मांडीस पकड व मनास धीर देतो. प्रतिस्पर्ध्याचा कावा मात्र तो शिकवू शकत नाही. भूलोकमल्लाच्या ग्रंथातही स्तंभश्रम हा मल्लाच्या अनेक श्रमांपैकी एकच आहे. पहाटे खांबाशी झटावे आणि सायंकाळी जोडीदाराशी, हाच क्रम त्या जुन्या विद्येस धरून आहे.